सायकल नको, खडीसाखर पुरे

गेल्या रविवारी आमच्याकडे जेवणं आटोपली, बडीशेप फिरली आणि मेहुणेबुवांनी भर बैठकीत घोषणा केली, "पेटीची पुढची परीक्षा दे, पहिला वर्ग काढ, मामाकडून गिअरची सायकल! बोल, कबूल?" कन्येचे डोळे चमकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एकटाच म्हणालो, "नको."

त्यानंतर जी शांतता पसरली ती अजून पुरती फिटलेली नाही. सौ. कामापुरतं बोलते आहे. मेहुणेबुवा जाताना म्हणाले, "पैसे माझे, भाची माझी, तुमचं काय जातंय?" प्रश्न रास्त आहे. तोंडी उत्तर द्यायला गेलो की माझा आवाज चढतो, म्हणून लेखी देतो आहे. नातेवाईकांपैकी निम्मे लोक हे पान चोरून वाचतात हे मला ठाऊक आहे. आज उघडपणे वाचा, आज ते तुमच्यासाठीच आहे.

आधी माझा गुन्हा कबूल करतो, कारण या गोष्टीतला पहिला आरोपी मीच आहे.

आमच्या बाबांनी उभी हयात भजनी मंडळात पेटीची साथ केली. कन्या सहा वर्षांची असताना स्वतःहून त्यांच्याशेजारी जाऊन बसली. आधी नुसता भाता मारायची, मग सा रे ग म, मग पलटे. बाबांच्या पेटीशेजारी खडीसाखरेची एक पितळी डबी असते. एखादा पलटा साफ वाजला, आणि मुख्य म्हणजे बाबांना लहर आली, की ते न बोलता डबी उघडायचे आणि एक खडा तिच्या तळहातावर ठेवायचे. कधी एका बैठकीत दोन मिळायचे, कधी चार दिवस काहीच नाही. तिने कधी मागितला नाही, त्यांनी कधी कबूल केला नाही. तीन वर्षं हे असं चाललं. रोज संध्याकाळी अर्धा तास, आणि "बस गं" असं कुणाला म्हणावं लागलं नाही.

मग मागच्या वर्षी पेटीची पहिली परीक्षा आली आणि माझ्यातला कर्तबगार बाप जागा झाला. "पहिला वर्ग आला तर टॅब!" मी म्हणालो. पोरीने दोन महिने पेटी सोडली नाही. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. पहिला वर्ग आला, टॅब आला, पेढे वाटले. आणि पेटी बंद झाली. आज सात महिने झाले. "आता कशाला? परीक्षा झाली ना," असं ती मला अगदी सरळपणे म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. मी शिकवलं तेच ती शिकली.

वर माझा गुन्हा दुप्पट आहे, कारण बी.ए.ला मी मानसशास्त्र घेतलं होतं. म्हणजे हे असंच होतं हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले आहेत. (ते गुण मिळाल्यावर विसरलो, हाही माझ्याच मुद्द्याचा पुरावा समजा.)

तर आता जे विसरलो होतो ते पुन्हा सांगतो.

१९४२ साली लिओ क्रेस्पी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पांढरे उंदीर एका सरळ बोळातून पळवले. बोळाच्या टोकाला खाणं. काहींना खाण्याचा एकच कण, काहींना १६, काहींना २५६. आता जास्त खाणं मिळणारे उंदीर जास्त जोरात पळाले, हे सांगायला क्रेस्पीची गरज नव्हती, ते मेहुणेबुवाही सांगतील. मजा पुढे आहे. सगळ्यांना सराव झाल्यावर त्याने सरसकट १६ कण द्यायला सुरुवात केली. ज्यांना आधी २५६ मिळत होते ते नुसते मंदावले नाहीत, तर पहिल्यापासून १६ वरच असलेल्या उंदरांपेक्षाही हळू पळू लागले. खाणं तेच, बोळ तोच, पण एका गटाला ते जेवण होतं आणि दुसऱ्याला अपमान. एकावरून सोळावर चढलेले उंदीर फार हुरूपाने पळाले असंही त्याला दिसलं होतं. हा हुरूप पुढच्या संशोधकांना तितक्या भरवशाने सापडला नाही. वरून खाली आलेल्यांची नाराजी मात्र पुन्हा पुन्हा सापडत राहिली.

हे झालं बक्षीस कमी केल्यावर. ते पार बंद केलं तर? १९५८ मध्ये स्टुअर्ट हल्स आणि १९६१ मध्ये अ‍ॅलन वॅग्नर यांनी हेच पाहिलं. उंदरांचे गट केले, काहींना मोठं बक्षीस, काहींना लहान. पळण्याची सवय पक्की झाल्यावर खाणं बंद केलं आणि कोण किती दिवस पळत राहतं ते मोजलं. आपला सगळ्यांचा अंदाज असा, की मोठं बक्षीस मिळालेल्याची सवय जास्त मुरलेली असणार, तोच जास्त टिकणार. झालं उलटं. ज्यांना दर खेपेला नेमाने मोठं बक्षीस मिळत होतं, त्यांनी पळणं लवकर सोडलं. लहान बक्षीसवाले जास्त काळ पळत राहिले.

का, याचं एक उत्तर अब्राम अ‍ॅम्सेल या मानसशास्त्रज्ञाने दिलं आहे आणि ते मला फार पटतं. अपेक्षित बक्षीस मिळालं नाही की प्राणी नुसता रिकाम्या हाताने परतत नाही, तो चिडतो. ती चीड स्वतःच एक शिक्षा असते. अपेक्षा जेवढी मोठी, तेवढी चीड मोठी, आणि तेवढी त्या जागेचीच शिसारी. खडीसाखरेचा खडा नाही मिळाला तर काय बिघडतं? आज नाही, उद्या. पण टॅबनंतर पेटीजवळ काय आहे? पेटीच आहे. आणि पेटी टॅबपुढे किती लहान, हे मीच तिला बाजारभावाने दाखवून दिलं.

म्हणजे शिकवण्याचा वेग ही एक गोष्ट, आणि शिकलेलं टिकणं ही दुसरी. मोठं बक्षीस पहिलं काम झकास करतं. माझी कन्या दोन महिन्यांत जेवढं वाजवायला शिकली तेवढं आधीच्या वर्षभरात शिकली नव्हती, हे मी नाकारत नाही. बाबांनीही नाकारलं नाही. पण आपण घरात पेटी कशासाठी ठेवतो? एका रविवारी परीक्षकासमोर दहा मिनिटं वाजवण्यासाठी, की चाळिसाव्या वर्षी संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढून तिच्यापाशी बसावंसं वाटावं म्हणून? पहिलं हवं असेल तर सायकल जरूर द्या. दुसरं हवं असेल तर सायकल मारक आहे.

आता बाबांच्या लहरीबद्दल. मला पूर्वी वाटायचं की म्हातारा जरा चिक्कूच. चांगलं वाजलं तर दर वेळी खडा द्यायला काय जातं? पण इथेही शास्त्र बाबांच्या बाजूने आहे. लॉइड हम्फ्रीज याने १९३९ मध्ये माणसांवरच एक प्रयोग केला. प्रकाशाच्या खुणेमागोमाग डोळ्यावर हवेचा फुंकर आला की पापणी मिटते, आणि काही वेळाने नुसत्या खुणेवरही मिटायला लागते. ज्यांना हा फुंकर दर वेळी न मिळता अधूनमधून मिळाला, त्यांची ही सवय फुंकर पूर्ण बंद केल्यावर जास्त टिकली. नेमाने मिळणारं बंद झालं की लगेच कळतं. अधूनमधून मिळणारं बंद झालंय की आज नुसती लहर नाही, हे कळायलाच वेळ लागतो. शिवाय तेवढ्यात रिकाम्या हाताने वाजवत राहण्याचीही सवय झालेली असते. बाबांनी यातलं काही वाचलेलं नाही. त्यांना फक्त मधुमेहाची भीती होती, नातीच्या नाही तरी स्वतःच्या. :-)

हल्सच्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग मी मघाशी मुद्दाम गाळला, तो आता सांगतो, नाहीतर सोयीचं तेवढंच सांगितलं असं म्हणाल. बक्षीस मोठं असेल आणि ते अनियमितपणे मिळत असेल, तर मात्र मोठ्या बक्षिसाची सवय जास्त चिवट निघाली. मग तसं करावं का? जरूर विचार करा. मोठं बक्षीस, पण कधी मिळेल ते सांगता येत नाही, आणि माणूस सोडता सोडत नाही. आपल्याकडे याला मटका म्हणतात. त्यापायी घरं धुऊन निघालेली आपण पाहिली आहेत.

आणि इथेच मला माझी सगळ्यात मोठी चूक दिसली, ती सांगताना खरोखर लाज वाटते. परवा कन्या टॅबवर काय करते ते शेजारी बसून पाहिलं. एक खेळ आहे. रंगीत गोळ्या फोडायच्या. मधूनच एखादं नाणं मिळतं, मधूनच तारा चमकतो, मधूनच काही नाही. कधी मिळेल याचा नेम नाही, आणि मिळतं ते अगदी चिमूटभर. मी बघत राहिलो. हे तर हुबेहूब बाबांच्या डबीसारखं! फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये एक जाडजूड ग्रंथच काढला होता, कबुतरांना दाणे कोणत्या वेळापत्रकाने दिले तर ती किती टोचत राहतात यावर. खेळ करणाऱ्यांनी तो धडा घेतलेला दिसतो. म्हणजे मी काय केलं? तीन वर्षं लहान, अनियमित खड्यांवर जमलेली सवय एका मोठ्या बक्षिसाने मोडली, आणि ते बक्षीस म्हणून घरात आणली ती वस्तू पुन्हा लहान, अनियमित खडे देणारी. फरक इतकाच की बाबांचे खडे पेटीकडे नेत होते, आणि हे कुठेच नेत नाहीत.

आता आक्षेप घेऊ. रविवारी ते सगळे एकदम आले, इथे एकेक घेतो.

"उंदरांचं काय सांगता, ती माणसाची पोर आहे." बरोबर. पण १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत मुलांवरच पाहिलं. मुळातच स्केचपेनने चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढा, सोनेरी शिक्का लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक तेच दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन पुन्हा मांडून ठेवले आणि मोकळ्या वेळेतला किती भाग मुलं त्यावर घालवतात ते पाहिलं. ज्यांना काही मिळालं नव्हतं ती सुमारे १६.७ टक्के वेळ चित्रं काढत होती, ज्यांना अचानक मिळालं ती १८.१ टक्के, आणि ज्यांच्याशी आधी सौदा झाला होता ती फक्त ८.६ टक्के. जवळपास निम्मी. प्रशस्तिपत्र तेच होतं, फरक सौद्याचा होता. आणि प्राण्यांचंच म्हणाल तर सगळे प्राणी उंदरासारखे वागतात असंही नाही. गोल्डफिशला मोठं बक्षीस देऊन बंद केलं तर तो जास्त काळ प्रयत्न करत राहतो. तेव्हा मेहुणेबुवा, तुमची योजना माशांसाठी उत्तम आहे. आमच्याकडे मुलगी आहे.

"तुम्हीसुद्धा पगारासाठीच जाता ना कामावर?" हो, आणि म्हणूनच निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाणार नाही. बाबा मात्र भजनी मंडळ बंद पडून अकरा वर्षं झाली तरी रोज पेटी उघडतात. मला कन्येची पेटी पगारासारखी नको आहे, इतकंच तर म्हणतोय.

"बक्षिसाने मुलं शिकतात हे सिद्ध झालंय." काही ठिकाणी झालंय, मान्य. रोलँड फ्रायर या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतल्या शाळांत पैसे देऊन पाहिलं आणि २०११ मध्ये ते प्रसिद्ध केलं. न्यूयॉर्कमध्ये चाचणीतल्या गुणांवर पैसे दिले, चौथीला एका चाचणीमागे २५ डॉलरपर्यंत, सातवीला ५० डॉलरपर्यंत. गुणांत फरक पडला नाही. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना एक पुस्तक वाचलं की २ डॉलर दिले, तिथे सगळ्यांत नाही तरी काही मुलांत वाचलेलं समजण्यात सुधारणा दिसली. माझ्या मते यात मेहुणेबुवांपेक्षा बाबांचंच पारडं जड आहे. लहान रक्कम, ती हातातल्या कामावर, निकालावर नाही. बक्षीस मुळातच वाईट का, यावर मानसशास्त्रज्ञांत दशकानुदशकं भांडणं झाली आहेत. ज्या कामात मुलाला मुळीच गोडी नाही, तिथे सुरुवातीला बक्षिसाने हात दिला तर मी तक्रार करणार नाही. पाढे पाठ कर, गोळी घे, ठीक आहे. पण जिथे गोडी आधीच आहे तिथे तिच्यावर किमतीची चिठ्ठी चिकटवू नका.

"मग तिने पेटी कायमची सोडायची का?" हा प्रश्न सौ.चा होता आणि तो मला सगळ्यात जास्त लागला. कारण मेहुणेबुवांनी सायकल का काढली, हे मलाही कळतं. बंद पेटी त्यांनाही बघवली नाही. सायकलने ती उघडेलही. परीक्षेपर्यंत उघडी राहील. मग त्यापुढची परीक्षा, त्यापुढची सायकल. क्रेस्पीचे उंदीर आठवा. आज टॅब, उद्या सायकल, म्हणजे परवा स्कूटर. दहावीला नव्वद टक्क्यांवर मोबाईल, बारावीला बाईक, हे आपल्या सगळ्या नात्यात चालूच आहे. टक्के पडतात, वस्तू येते आणि पुस्तकं जूनच्या आत रद्दीत जातात. रद्दीवाल्याला विचारा, तो कोऱ्या करकरीत मार्गदर्शकांचा भाव सांगेल. आपल्या घराण्यात इतकी मुलं इतक्या टक्क्यांनी पास झाली. त्यातल्या किती जणांनी नंतर विकत घेऊन एक पुस्तक वाचलं? नावं मी घेत नाही, सगळे ओळखीचे आहेत. आणि त्यात मीही आहे.

म्हणून समस्त मामा, काका, आत्या, मावश्यांना ही हात जोडून विनंती. आमच्या घरी येताना सौदा आणू नका. खाऊ आणा, तो निकालाला बांधू नका. तिने वाजवलं तर दोन मिनिटं गप्प बसून ऐका, आवडलं तर तसं म्हणा, नाही आवडलं तर विषय बदला. मेहुणेबुवा, तुम्हाला सायकल द्यायचीच असेल तर वाढदिवसाला द्या, दिवाळीला द्या, सहज मंगळवारी आणून दारात लावा. मामाने प्रेमाने दिलेली सायकल मला हवी आहे. मोबदला म्हणून दिलेली नको. सायकल तीच, पण दुसरीचं बिल पेटीच्या नावावर फाटतं.

पेटी उघडेल का, मला माहीत नाही. मोडलेली सवय पुन्हा लावण्याची हमी मी देऊ शकत नाही. फक्त आणखी मोडायची नाही, एवढं माझ्या हातात आहे. टॅब आता रोज अर्धा तास, आणि तो काढून घेतला म्हणून त्याबदली दुसरं काहीही कबूल केलेलं नाही.

काल संध्याकाळी बाबा नेहमीसारखे वाजवत होते. आताशा त्यांची करंगळी नीट वळत नाही. कन्या पलीकडच्या खोलीत होती. मधेच तिथूनच ओरडली, "आजोबा, तिथे कोमल नाही, शुद्ध आहे!" बाबा थांबले. पुन्हा वाजवलं, शुद्ध. पलीकडून "हां!" असं उत्तर आलं. बाबांचा हात सवयीने डबीकडे गेला, झाकण उघडलं, दाराकडे बघितलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो खडा त्यांनी स्वतःच्याच तोंडात टाकला आणि पुढे वाजवायला लागले.

मधुमेहाबद्दल मी काही बोललो नाही.

असो. मेहुणेबुवा, रविवारी जेवायला या. हात हलवत या.